पाऊसपाण्याचं प्रदर्शन

दुपारची भांडी झाली असतील. कुणी ज्वारी निवडत असेल, कुणी शेळ्यांमागं रानात असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या. गेल्या संक्रांतीत आमच्या गावातल्या नऊ बचत गटांनी मिळून एक प्रदर्शन भरवलं. तेव्हापासून आसपासच्या गटांचे सारखे फोन येतायत. खर्च किती आला? वाकळी टांगल्या कशा? पुरुष मंडळी काय म्हणाली? आणि सगळ्यात जास्त विचारतात ते विहिरीच्या चित्राचं. तर म्हटलं, एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगू.

आपला सातारा जिल्हा एकच. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही सरळ पडला तर. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्याकडं नुसता वारा येतो. हे काही नवं नाही, आपल्या आज्ज्यांनीही हेच पाहिलं. नवं ते हे, की पावसाची वेळ मोडली. मृगावर पेरावं तर ढेकूळ विरघळत नाही. आणि बाजरी काढून खळ्यावर आली की वरून धो धो. ऑक्टोबर २०२० आठवतंय ना? सोलापूर, सांगली, सातारा या भागात असा पाऊस झाला, की उन्हाळाभर टँकरची वाट बघणाऱ्या गावांच्या ओढ्यांना पूर आले.

या सगळ्यावर आम्हाला तालुक्याला प्रशिक्षण होतं. फळ्यावर शब्द लिहिला होता, ‘हवामान बदल अनुकूलन’. आमच्यातल्या एका आक्कांनी तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, “म्हंजे तग धरायचा ना? मग ते आमी जन्मापास्नं करतोय. त्याचं ट्रेनिंग आमाला कशाला?” सगळ्या हसल्या. पण आक्कांचं म्हणणं निम्मं खरं होतं. तग कसा धरायचा हे गावातल्या बायांना ठाऊक आहे, हे खरं. पण एकीचं दुसरीला ठाऊक नाही आणि सासूचं सुनेला ठाऊक नाही. ग्रामपंचायतीत तर त्यातलं काहीच पोचत नाही. प्रदर्शन भरवलं ते त्यासाठी.

ग्रामसंघाच्या बैठकीत विषय काढला तेव्हा पहिला विरोध कोषाध्यक्ष ताईंचा आला. “गटाच्या पैशानं खेळ करायचे न्हाईत.” रास्तच होतं. बचतीला हात लावायचा नाही असं तिथंच ठरलं. प्रत्येक सदस्येनं २० रुपये आणि एक शेर ज्वारी द्यायची. बांबू, दोरी, चटया, ताडपत्री घरोघरची. विकत आणलं ते चुना, गेरू, सुतळी, पुठ्ठे आणि चहा-साखर. तेवढं वर्गणीत भागलं, उरलेल्या पैशांची पावती ग्रामसंघाच्या वहीत आहे.

दुसरा प्रश्न, ठेवायचं काय? बायांच्या प्रदर्शनात म्हणजे क्रोशाचे रुमाल, मण्यांचे गणपती आणि बाटलीतलं झाड. त्याला आमची ना नाही, विक्रीच्या प्रदर्शनात ते जरूर ठेवावं. मुंबईला महालक्ष्मी सरस भरतं, तिथं मालाचं बाजारातलं मोल होतं आणि ते व्हायलाच पाहिजे. पण इथं आम्ही एकच अट घातली. ज्या वस्तूनं, ज्या कलेनं एखादं वाईट साल निभवायला मदत केली किंवा त्या सालाची आठवण धरून ठेवली, तेवढंच आणायचं. वस्तूखाली पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तीन गोष्टी लिहायच्या: कुणी केलं, कोणत्या साली केलं, त्या साली काय उपयोगी पडलं. दोघी-तिघी या अटीवर रुसल्या. पण अट होती म्हणूनच पुढं सगळं घडलं, असं आमचं मत आहे. बक्षीसही ठेवलं नाही. पहिला, दुसरा, तिसरा नंबर काढला की बाया एकमेकींपासून वस्तू झाकायला लागतात.

शाळेतल्या मुलांना चित्रं काढायला सांगितली होती. पहिल्या दिवशी जी आली त्यांत निम्म्या चित्रांत बर्फ वितळत होता आणि त्यावर पांढरं अस्वल बसलं होतं. मोबाइलवरून बघून काढलेली. चित्रं छान होती, पण पांढरं अस्वल माण तालुक्यात अजून कुणी पाहिलेलं नाही. मग गुरुजींनी मुलांना सांगितलं, तुझ्या घरी उन्हाळ्यात पाणी कसं येतं ते काढ. दुसऱ्या खेपेला जी चित्रं आली त्यांत टँकरपुढची घागरींची रांग होती. रात्री दोन वाजता बोअरची मोटर चालू करायला बॅटरी घेऊन निघालेला बाप होता, बैल विकून रिकामा झालेला गोठा होता. एकानं आईला नुसती पाठमोरी काढली होती, डोक्यावर दोन हंडे. कुणीतरी शहरातून सुचवलं होतं की मुलांकडून वारली चित्रं काढून घ्या, ती लोकांना आवडतात. आवडतात, खरंय. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती डहाणू-पालघरच्या वारल्यांची, त्यांच्या लग्नाच्या चौकातली, त्यांच्या देवीची. आपण माणदेशातले. आपल्याकडं नागपंचमीला भिंतीवर नाग निघतात, बेंदराला बैल रंगतात, हादग्याला हत्ती निघतो. तेवढं आपल्याला पुरेसं आहे.

आता तारखेचं. बायांना घराबाहेर पडायला सगळ्यात सोपा काळ संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. शेतात ज्वारी हुरड्यात असते, काढणीला अवकाश असतो. शिवाय २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ असते, हे आम्ही मुद्दाम धरलं होतं. पण हळदीकुंकू म्हटल्यावर पेच पडला. गावात सगळ्यात सुबक वाकळ शिवणाऱ्या ज्या चौघी-पाचजणी आहेत, त्यांतल्या तिघी विधवा. नवऱ्यामागं वाकळी शिवूनच त्यांनी पोरं वाढवली. त्यांच्या वाकळी भिंतीवर आणि त्या स्वतः घरात, हे कसं चालेल? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ग्रामसभेत ठराव केला आणि त्यानंतर सरकारनंही इतर गावांना तसं आवाहन केलं, हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलं. लगेच सगळ्या तयार झाल्या असं नाही. एक मावशी म्हणाल्या, “मला कुकू लावून घेयाचं न्हाई, माझं मला बरं वाटत न्हाई.” मग असं ठरलं, की दारात तिळगूळ आणि वाण सगळ्यांना सारखं. हळदीकुंकवाचं तबक बाजूला ठेवायचं, जिला लावायचं तिनं आपल्या हातानं लावावं, जिला नको तिला कुणी विचारू नये. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या वाटल्या नाहीत. कागदाच्या पुडीत मटकी आणि हुलग्याचं गावठी बी दिलं. ते पुढं कुणाकुणाच्या रानात उगवलं, हे आम्ही जुलैत बघून आलो.

जागा शाळेची घेतली. देवळाचा सभामंडप मोठा आणि सावलीचा होता, पण तिथं सगळ्या वस्तीतल्या बायांचा पाय सारखा मोकळेपणानं पडत नाही. शाळेत पडतो. वेळ दुपारी दोन ते पाच, धारा काढायच्या आत सगळ्या घरी.

वाकळींबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फोनवर तेच विचारतात. वाकळ खिळ्यानं ठोकू नका, जुनं कापड फाटतं. मागच्या बाजूला वरच्या काठाला जुन्या साडीची पट्टी शिवा, तिच्यातून बांबू घाला आणि बांबू दोरीनं टांगा. वाकळ जड असते, दोरी सुतळीची नको, दाव्याची घ्या. उन्हात टांगू नका. आणि लोकांना हात लावू द्या. वाकळ हात लावल्याशिवाय कळत नाही. किती थर आहेत, टाका किती जवळ आहे, मधे कुणाचं लुगडं गेलंय, हे बोटांनाच समजतं.

आलेल्या वाकळींत एक होती ती आम्ही मधोमध लावली. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडं चारा छावण्या लागल्या, तेव्हाची. ज्यांची ती आहे त्या मावशी जनावरं घेऊन कित्येक महिने छावणीत राहिल्या. वर ताडपत्री, खाली जमीन. दिवसभर काम काय, तर चारा-पाणी आणि शेण काढणं. मग त्यांनी तिथंच सुई धरली. खालचा थर सरकी पेंडीच्या पोत्यांचा आहे. वाकळ उलटी केली की पोत्यावरची छापील अक्षरं अजून वाचता येतात. वरचे तुकडे छावणीतल्या बायांनी दिलेले, कुणाचं फाटकं परकराचं कापड, कुणाच्या नवऱ्याचा सदरा. एका कोपऱ्यात काळं ठिगळ आहे. ती त्यांची संकरित गाय, छावणीत मेली. खिलार गाय आणि चार शेळ्या जगल्या. मावशी वाकळीजवळ उभ्या राहून एवढंच सांगत होत्या, “जास्त दुधाची गाय पयली गेली. तिला पानी लय लागायचं.” पुढं त्यांनी पुन्हा तशी गाय घेतली नाही, शेळ्या वाढवल्या. त्यावरून तिथं चांगलाच वाद झाला. एक सून म्हणाली, दुधावर आमचा हप्ता फिटतो, शेळ्यांवर कसा फिटेल? दोघींचंही खरं. पण गटातून गाईसाठी कर्ज मागायला आता कुणी आली की बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो: उन्हाळ्यात हिला पाणी कुठलं? हा प्रश्न आधी कर्जाच्या वहीत नव्हता.

पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी ती वाकळ विकत मागितली, चांगली किंमत सांगितली. मावशी नाही म्हणाल्या. पण नवी शिवून देते म्हणाल्या. तिथं आम्ही मधे पडलो आणि किंमत कापडाची न धरता दिवसांची धरली. दुपारचे तीन तास धरले तरी एका वाकळीला महिना जातो. मजुरीचा दर लावून हिशेब मांडला तेव्हा मावशीच म्हणाल्या, “एवढं कोन देतंय?” दिलं. दोन वाकळी गेल्या.

वाकळींच्या शेजारी घोंगडी होती. धनगरवाड्यातल्या आज्जी टकळी घेऊनच आल्या आणि बसल्या जागी लोकर कातून दाखवली. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात हे कॉलेजच्या मुलींना ठाऊक नव्हतं. घोंगडीवरनं पाणी कसं निथळतं ते आज्जींनी तांब्या ओतून दाखवलं. मुलांना तो खेळच झाला, शेवटी तांब्या काढून घ्यावा लागला.

त्यानंतर बियाणं. तुराट्यांची कणगी, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली, खाली चार दगड. राखेत घोळलेलं बी, कडुलिंबाचा वाळला पाला, चुलीवर धुरात टांगलेली बाजरीची कणसं. मालदांडी ज्वारीचा कडबा. २०२० च्या त्या पावसात ज्यांचं बी जमिनीवर पिशवीत होतं ते ओलं होऊन बुरशीलं. दगडांवरच्या कणगीतलं टिकलं. म्हणून पुठ्ठ्यावर तेवढंच लिहिलं: ‘खाली चार दगड’. पेवाचीही गोष्ट निघाली. जमिनीखालचं ज्वारीचं पेव आता कुणी भरत नाही. एका आजोबांनी ते कसं उघडत ते सांगितलं. उघडल्याबरोबर आत कुणी उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून हवा पालटू द्यायची, कारण आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो. हे इथं सांगतो एवढ्यासाठी, की कुठं जुनं पेव सापडलं तर पोरांना आत सोडू नका.

एका कोपऱ्यात १९७२ साल होतं. खडी फोडायचा हातोडा, सुकडी आणायचं जर्मनचं पातेलं, मिलोच्या लाल भाकरीच्या आठवणी. तिथं म्हाताऱ्याच बसल्या होत्या. जातं ठेवलं होतं, तर त्यांनी आपोआप ओव्या धरल्या. गी पॉयटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. आपल्या गावातल्या ओव्या मात्र आपणच धरून ठेवायला हव्यात. मुलींनी म्हाताऱ्यांना विचारून त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. त्यांतल्या काही याच रेडिओवर तुम्ही ऐकल्या आहेत.

मला विचाराल तर सगळ्यात मोठी गर्दी सुपांपुढं होती. म्हणजे एकटीच्या मताचं म्हणून सांगत नाही, आम्हा सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं. नऊ गट आणि पावसाची नक्षत्रंही मृगापासून हस्तापर्यंत नऊच. प्रत्येक गटाला एक नक्षत्र दिलं. आधी रांगोळी काढायची ठरलं होतं, पण जानेवारीचा वारा रांगोळी ठेवत नाही, आणि धान्य जमिनीवर टाकायला म्हाताऱ्यांनी मनाई केली. म्हणून सूप. प्रत्येक सुपाच्या मधे काडी ठेवून दोन भाग केले. उजवीकडं म्हाताऱ्यांनी आपल्या लग्नाच्या वेळचा पाऊस मुठीनं घालायचा, डावीकडं सुनांनी आताचा. जास्त पाऊस तर जास्त मुठी. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सासूचा पाऊस, सुनेचा पाऊस, अशी नावं घेत घेत ज्वारी पडत होती आणि चेष्टाही चालली होती. मृगाच्या सुपात सुनांनी चार दाणे टाकले. हस्ताच्या सुपात म्हाताऱ्यांनी तीन मुठी घेतल्या आणि त्या सगळ्या अर्ध्या सुपावर हलक्या हातानं पसरल्या. आपली रब्बीची ज्वारी त्या पावसावर. एका सुनेनंही तीनच मुठी घेतल्या, पण सगळ्या एका कोपऱ्यात ढीग करून ओतल्या. विचारलं तर म्हणाली, “एवढा सगळा एकाच राती येतो.”

कृषी सहायक आले होते. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. पुढच्या आठवड्यात महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी घेऊन आले आणि आम्ही सुपं आणि नोंदी शेजारी ठेवून बसलो. म्हाताऱ्यांची आठवण काही ठिकाणी गोड झालेली निघाली. जुन्या सालांतही कोरडे मृग होते. पण ढिगाचं मात्र जुळलं. त्यावरून यंदा काही जणींनी शेताच्या कडेनं पाणी जायला वाट आधीच मोकळी केली, आणि बाजरी काढली की खळ्यावर पसरायच्या आधी ताडपत्री हाताशी. फार मोठी गोष्ट नाही. पण बाजरी घरात आली.

आता ते चित्र. शाळेच्या बाहेरच्या लांब भिंतीवर काढायचं होतं. रंग घरचेच, गेरू, चुना, काजळी, हळद, बाभळीच्या डिंकात कालवलेले. विषय मुलींनी निवडला, ‘आपल्या गावाखालचं पाणी’. म्हणजे भिंतीवर वरच्या पट्ट्यात गाव आणि खाली जमिनीचं पोट. पिण्याच्या पाण्याची गावविहीर मधे. तिच्याभोवती ज्याच्या त्याच्या विहिरी आणि बोअर, एक वीत म्हणजे ५० फूट या मापानं. गावविहीर भिंतीवर वीतभर उतरली आणि बोअर पार जमिनीला टेकले. काहींना जागाच पुरेना, ते पायरीवर काढावे लागले. शेजारी जमिनीवर दुसरी आकृती होती, गावविहिरीभोवती चुन्याचं रिंगण. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्यापासून आलेलं बंधन आहे. मुलींनी ५० मीटरचा दोर दहा वेळा टाकून खरं अंतर मोजलं होतं. रिंगणाच्या आत किती बोअर पडतात, ते तिथं ठिपक्यांनी दिसत होतं.

दोन दिवस आधीच काही मंडळी शाळेत आली. म्हणाली, वाकळी लावा, सुपं लावा, गाणी म्हणा. हे कशाला? आम्ही सांगितलं, कुणाचं नाव लिहिलेलं नाही. ते म्हणाले, नाव लिहायला पाहिजे का? खरंच, गावात ठिपका पुरतो. त्या रात्री बैठक घेतली. तिघी म्हणाल्या चित्र पुसू, गावात राहायचंय. ज्या ताईंच्या घरचा बोअर रिंगणाच्या आत येत होता त्या सदस्या गप्प बसल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं, कारण पुसायचं का ठेवायचं हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवणं बरं नव्हतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “उन्हाळ्यात हांडा घेऊन मीपन रांगेतच उभी ऱ्हाते. बोअरचं पानी उसाला जातं, घरात येत न्हाई.” दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या घरचा ठिपका त्यांनी स्वतः गेरूनं भरला. घरात चार दिवस त्यांच्याशी कुणी बोललं नाही. त्या चार दिवसांत रोज संध्याकाळी आमच्यातली कुणी ना कुणी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत होती. हेही तयारीतच धरायचं, चटया आणि बांबूंबरोबर.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ते ग्रामपंचायत कायद्यातच आहे. आपल्याकडं ती बहुतेक वेळा वहीत होते. यंदा ती भिंतीपुढं झाली, चटया टाकून. ठराव दोन झाले. रिंगणात नवा बोअर परवानगीशिवाय नाही, आणि गावविहिरीचं पाणी दर महिन्याला मोजून सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. २६ जानेवारीला ग्रामसभेत दुसरा ठराव लगेच झाला. पहिल्यावर दोन तास आवाज चढले. शेवटी, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून पाहणी करून घ्यावी, असं लिहून तो पुढं ढकलला. अर्ज गेला आहे, पाहणी अजून व्हायची आहे. रिंगणातल्या दोन बोअरवाल्यांनी मात्र एप्रिल-मेमध्ये सकाळी तासभर वस्तीला प्यायला पाणी सोडलं. त्यांतला एक बोअर त्या ताईंच्या घरचा. इतरांनी नाही सोडलं. टँकर आलाच, पण यंदा उशिरा आला.

जुन्या बोअरचं काय करायचं, यावर आमच्यातही एकमत नाही. कर्ज काढून घेतलेला बोअर बंद कर असं शेतकऱ्याला कोण सांगणार? ऊस कमी करा म्हणणं सोपं आहे, ज्वारीला भाव मिळाला तर ते घरातही पटेल. त्यावर पुढच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक आहे आणि ती गोड होईल असं वाटत नाही.

भिंत अजून आहे. पहिल्या पावसात गेरू ओघळला, तो मुलींनी पुन्हा भरला. दर महिन्याच्या एक तारखेला त्या हाताहातावर गाठी मारलेला दोर विहिरीत सोडतात आणि किती गाठी भिजल्या तेवढ्या रेघा चित्रातल्या विहिरीत ओढतात.

यंदा हादग्याच्या दिवसांत शेजारच्या दोन वाड्या असंच प्रदर्शन भरवणार आहेत. त्यांना नऊ सुपं, बांबू आणि दाव्याच्या दोऱ्या आम्ही देतो आहोत. तुमच्या गावात भरवायचं असेल तर आमचं सामान घेऊन जा, फक्त आठ दिवस आधी कळवा आणि सुपं भिजवू नका. मापाचा दोर मिळणार नाही, तो मुलींना एक तारखेला लागतो. छावणीची वाकळ पाहिजे असेल तर मावशींना विचारावं लागेल. त्या म्हणाल्या आहेत, “वाकळ येईल, पन मी संगं येणार.” त्यांच्या एसटीच्या भाड्याची तेवढी सोय बघा.